पाठीत खंजीरच का, कट्यार का नाही?

तुमचा प्रश्न असा की खंजीर आणि कट्यार एकच असतील, तर 'पाठीत कट्यार खुपसली' असं कोणी का म्हणत नाही?

एकच नाहीत हो. फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, तिथे कट्यार नीट बघा. तिला चाकूसारखी मूठच नसते. दोन समांतर पट्ट्या, मध्ये आडवे दांडे. दांडे मुठीत धरले की पट्ट्या मनगटाच्या दोन्ही अंगांना येतात आणि पातं बोटांच्या पेरांपुढे सरळ निघतं. वार करायचा तर ठोसा मारल्यासारखा, समोरून. खंजीर निराळा: आखूड, दुधारी, बहुतेकदा बाकदार, कमरेला शेल्यात सहज लपणारा. शब्दही अरबी-फारसीतल्या 'खंजर'वरून आलेला.

त्यामुळेच दग्याचा मान खंजिराकडे आणि कट्यार काळजाकडे गेली असावी. हा माझा तर्क, कोशातला नाही. पण वापर बघा: नजरेची कट्यार होते, खंजीर नाही. आणि राजकारणात उलट. 1978 साली वसंतदादा पाटलांचं सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, त्याची गोष्ट निघाली की पवारांचे विरोधक अजून खंजीरच काढतात. हल्ली तर लोकलमध्ये धरून ठेवलेली खिडकी दुसऱ्याला दिली तरी मित्र ओरडतो, "पाठीत खंजीर खुपसलास रे!"

आता लिहिण्याबद्दल, कारण मी गिरगावात वीस वर्षं मुद्रितं तपासतोय आणि इथेच सगळे घसरतात. तो खंजीर, ती कट्यार. प्रत्यय लागला की 'जी' ऱ्हस्व होते: खंजिराने, खंजिराचा. 'खंजीराने' चूक. एकदा हाणामारीच्या एका बातमीत हा 'खंजीराने' पाच वेळा आला होता. मी पाचही ठिकाणी वेलांटी बदलली, आणि शेवटच्या परिच्छेदात कळलं की पोलिसांनी जप्त केलाय तो भाजी कापायचा चाकू! मग पाचही खंजीर काढून चाकू घातले. आजच्या घटनेत चाकू, सुरा, फार तर गुप्ती लिहा. गुप्ती म्हणजे काठीत लपवलेलं पातं. रामपुरी म्हणजे घडीचा चाकू, रामपूरच्या नावावरून. खंजीर हातात खरोखर खंजीर असेल तेव्हाच, नाहीतर वाक्प्रचारात. क्रियापदंही सांभाळा. खंजीर खुपसतात, सुऱ्याने भोसकतात, तलवारीने वार करतात. 'खंजीर मारला' कानाला कसंसंच लागतं.

आणि खंजिरी म्हणजे छोटा खंजीर नव्हे, हेही सांगून ठेवतो. ते वाद्य आहे, तुकडोजी महाराज भजनात वाजवायचे ते.