शेतातलं घर, घरातली मुलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही वस्तीवर राहतो. घरापासून साठ-सत्तर पावलांवर यंदा शेततळं केलं आहे. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, कागद टाकलेला. मुलगे ७ आणि ४ वर्षांचे. काटेरी तारेचं कुंपण आहे, पण धाकटा खालून सरपटत आत जातो. मामंजी म्हणतात, थोरल्याला पोहायला शिकवलं की काळजी मिटली. खरंच मिटेल का?
– एक आई, जि. नाशिक

उत्तर : नाही मिटणार. पोहायला जरूर शिकवा, पण विहिरीत सूर मारणारा तरणाबांड गडीसुद्धा कागदाच्या शेततळ्यातून वर येऊ शकत नाही. घात होतो तो काठावर. ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद ओला झाला आणि त्यावर शेवाळ धरलं की पायाला पकडच मिळत नाही. माणूस पोहत काठाशी येतो, वर चढायला जातो, घसरून पुन्हा पाण्यात पडतो. असं सात-आठ वेळा झालं की दम संपतो. मग त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि तोही तसाच अडकतो. एकाच तळ्यात दोघं-तिघं जातात ते यामुळे.

म्हणून आधी दोर, काठावरून तळ्यात सोडलेला, धरून वर चढता येईल असा. नव्या कुंपणापेक्षाही आधी, या आठवड्यातच. तळ्याचा उतार १ ला १.५ (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं) असेल तर ३ मीटर खोलीला तिरकी बाजू जवळपास साडेपाच मीटर भरते. दोर तळापर्यंत पोचला पाहिजे, कारण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावरून एक मीटर लोंबणारा दोर हाताला लागत नाही. त्यात बांधाच्या बाहेरच्या खुंटीपर्यंतचे दोन मीटर आणि तळाशी सुटा राहणारा एक मीटर धरा. दर फुटावर मोठी गाठ मारायची, त्या गाठी बराच दोर खातात. म्हणून एका जागेला १२ मीटर घ्या. एका बाजूला दोन, चार बाजूंना मिळून आठ जागा, म्हणजे १०० मीटरचं एक बंडल पुरतं. दोर १६ मिलिमीटर जाडीचा आणि पॉलीप्रॉपिलीनचा घ्या, तो पाण्यावर तरंगतो. नायलॉन मजबूत असतं, पण बुडतं आणि शोधावं लागतं. दोर दगडाला किंवा कुंपणाच्या खांबाला बांधू नका. बांधाच्या बाहेरच्या अंगाला दोन-अडीच फूट गाडलेल्या लोखंडी अँगलला बांधा. शिवाय हवा भरलेल्या दोन टायरच्या ट्यूब दोराला बांधून पाण्यावर सोडून ठेवा. उन्हानं दोर खरखरीत होतो, त्याचे धागे सुटतात, ट्यूबला भेगा पडतात. पोळ्याला आणि होळीला, वर्षातून दोनदा प्रत्येक गाठ ओढून बघा.

आता कुंपण. काटेरी तार जनावरांसाठी ठीक आहे, ४ वर्षांच्या मुलाला ती अडवत नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे. ५ फूट उंचीची चेनलिंक जाळी लावा आणि तिची खालची कड अर्धा फूट मातीत गाडा. फाटकाची कडी वरच्या टोकाला, मुलाचा हात पोचणार नाही अशी, आणि कुलूप. बहुतेक ठिकाणी चूक होते ती मोटर सुरू करताना. दोन मिनिटांचं काम म्हणून फाटक उघडं राहतं. मोटरचा स्टार्टर कुंपणाच्या बाहेर घेता आला तर हा प्रश्नच संपतो.

४ वर्षांच्या मुलाला ‘तिकडे जाऊ नको, बुवा आहे’ सांगून उपयोग नाही. पाणी दिसलं की बुवा विसरला जातो. तो तळ्याजवळ असेल तेव्हा मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच हवा. थोरल्याला एकच गोष्ट पाठ करून घ्या : कुणी पडलं तर आपण उडी मारायची नाही, दोर किंवा ट्यूब फेकायची आणि ओरडत घराकडे पळायचं. आणि हे तोंडी सांगून सोडू नका. महिन्यातून एकदा बाबांनी काठावर उभं राहून त्याच्याकडून ट्यूब फेकून घ्यावी.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर उलटं धरून फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं यात वेळ घालवू नका. सपाट जमिनीवर उताणं झोपवा. नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब, दोन श्वास, पुन्हा ३० दाब. दाब छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगानं. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावायचा. मूल शुद्धीवर आलं, बोलू लागलं, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं.

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. तिला तिचं स्वतःचं असं काही काम द्यावं असं वाटतं. ती शेळी मागते आहे. घ्यावी का?
– एक वडील, जि. धाराशिव

उत्तर : शेळी इतक्यात नको. उस्मानाबादी शेळी काटक आहे, बऱ्याचदा जुळी करडं देते, हे सगळं खरं; पण तिला सुट्टी नसते. रोजचा पाला, पाणी, चरायला नेणं, आणि परीक्षेच्या आठवड्यात शेळी व्यायली तर मुलीनं काय करायचं? सातवी-आठवीत बघू. पहिलं काम असं द्या की ज्याला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. खुडूक कोंबडी हे त्यासाठी फार चांगलं आहे. २१ दिवसांत निकाल लागतो.

एखादी गावरान कोंबडी खुराड्यात बसून उठेना, हात घातला की पिसं फुलवून गुरगुरू लागली, की ती खुडूक झाली. तिच्या अंगाखाली मावतील इतकीच, म्हणजे १० ते १२ अंडी ठेवायची. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, न तडकलेली हवीत. धुतलं की कवचावरचं संरक्षण जातं आणि अंडं आतून नासतं. टोपलीत खाली राख, त्यावर कडुलिंबाचा वाळलेला पाला, त्यावर भाताचं तूस किंवा गवत. राख आणि पाला पिसवांसाठी. पिसवा झाल्या की कोंबडी अंडी सोडून उठते, आणि अर्ध्यावर फसलेल्या उबवणीचं हेच नेहमीचं कारण असतं. अंडी संध्याकाळी ठेवा, अंधारात ती शांत बसते.

मुलीचं काम : रोज सकाळी शाळेआधी कोंबडीला उठवून दाणा-पाणी द्यायचं, पंधरा-वीस मिनिटांत ती परत बसली का ते बघायचं, कॅलेंडरवर खूण करायची. सातव्या रात्री एक मजा तिला दाखवा. पुठ्ठ्याच्या खोक्याला रुपयाएवढं भोक पाडा, आत मोबाईलचा टॉर्च लावा आणि अंडं त्या भोकावर धरा. जिवंत अंड्यात मधोमध काळसर ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या लाल शिरा दिसतात, जाळ्यातल्या कोळ्यासारख्या. नीट पाहिलं तर ठिपका हलताना दिसतो. नुसतं पिवळट, स्वच्छ दिसणारं अंडं वांझ. ते काढून टाका. त्या रात्रीनंतर तिला कोंबडीचं पाणी आठवून द्यावं लागणार नाही.

दहातून सात-आठ पिल्लं निघाली तर उत्तम. पिल्लू पहिला दिवस पोटातल्या बलकावर निभावतं, त्यामुळे घाईनं चोच उघडून भरवू नये. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून. नाहीतर पिल्लं भिजतात आणि गारठून मरतात. पहिले काही आठवडे आईसकट डालग्याखाली, म्हणजे घार, मुंगूस आणि मांजर तिन्ही टळतात. नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत, चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य द्या. त्याला वाळवीची जोड द्यायची असेल तर मडक्यात ओलं शेण, गोणपाटाचा तुकडा आणि काटक्या भरून संध्याकाळी वारुळाजवळ पालथं घाला. सकाळी मडकं झटकलं की पिल्लं तुटून पडतात.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस विसरू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात. कुपी १०० पिल्लांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारच्या चार घरांनी एकाच दिवशी मिळून द्यावी. वहीत नावं लिहून सगळ्यांना सांगत फिरण्याचं काम मुलीवर सोपवा.

दोन गोष्टी आधीच ठरवा. पिल्लांना हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे आणि पिल्लाचा मुका घ्यायचा नाही. जुलाबाचे जंतू असेच येतात. दुसरं, कोंबडे मोठे झाले की विकायचे की घरी कापायचे, हे तिला पहिल्या दिवशी खरं सांगा. पाहुणे आले म्हणून तिला न विचारता तिचा कोंबडा कापला, तर पुढच्या खेपेला ती कामाला हात लावणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. विक्रीचे पैसे आले की त्यातून खाद्याचे पैसे तिच्याच हातानं वजा करून घ्या.

प्रश्न : आमचे हे द्राक्षबागेत औषध मारून आले की तशाच कपड्यांनी बाळाला उचलतात. बाळ ११ महिन्यांचं आहे. औषधाचे डबे पलंगाखाली असतात. सांगितलं तर ‘इतकी वर्षं काय झालं?’ म्हणतात.
– जि. सांगली

उत्तर : त्यांना हे वाचायला द्या. रांगणारं मूल सारखे हात तोंडात घालतं. मोठ्या माणसाच्या शर्टावर जेवढं औषध बसतं, तेवढं आठ-नऊ किलोच्या जिवाला कितीतरी जास्त होतं. बागेतून आल्यावर घराबाहेरच कपडे काढायचे, साबणानं डोक्यावरून आंघोळ, मग बाळ. न्हाणीघर आत असेल तर गोठ्याजवळ एक नळ आणि आडोसा करा, त्याला फार खर्च येत नाही. फवारणीचे कपडे वेगळ्या खुंटीवर, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवायचे. बाळाचे लंगोट त्या बादलीत कधीही नाही.

डबे आजच पलंगाखालून काढा. कुलपाची पत्र्याची पेटी, शेतातल्या खोलीत, धान्यापासून आणि चाऱ्यापासून लांब. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीच ओतू नका. मुलं रंग बघून पितात. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग बघा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ काढू नका. रिकामा डबा तीन वेळा विसळायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडायची, म्हणजे कुणी त्यात पाणी भरणार नाही.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगतो. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात असतील तर त्या झोपण्याच्या खोलीतल्या कणगीत किंवा पोत्यात अजिबात नकोत. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून विषारी वायू सुटतो, आणि बंद खोलीत सगळ्यात आधी बाधतो लहान मुलाला. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच.

बाळाच्या तोंडात औषध गेल्याची शंका आली, लाळ गळू लागली, घाम आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठा. उतारा कोणता द्यायचा हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, ट्रॅक्टर छान चालवतो. रोटाव्हेटर मारू द्यावा का?
– जि. अहिल्यानगर

उत्तर : नाही. रस्त्यावर चालवायला वयाची १८ वर्षं आणि परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेतात पोलीस नसला तरी पीटीओ शाफ्ट असतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, रोटाव्हेटरसारखं अवजार फिरवणारा दांडा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. सदऱ्याचं टोक अडकल्यापासून हात जाईपर्यंत एक सेकंद लागत नाही. मळणी यंत्राजवळ ओढणी आणि मोकळी वेणी यांचंही तेच. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर आधी ते बसवा. मडगार्डवर लहान भावंडं बसवणंही बंद करा.

त्याची आवड मारू नका. इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात, अशा वेळी ग्रीस मारणं, एअर फिल्टर साफ करणं, थंड रेडिएटरमध्ये पाणी बघणं, डिझेल आणि तासांची वही ठेवणं त्याच्याकडे द्या. एकरी डिझेल वाढलं की तोच तुम्हाला सांगेल.

प्रश्न : वीज रात्रीची येते. आम्ही दोघंही पाणी द्यायला जातो, मुलं घरात खाली झोपतात. विंचू-सापाची भीती वाटते.
– जि. बीड

उत्तर : दोघांनी एकाच वेळी जाऊ नका, आळीपाळीनं जा किंवा आजी-आजोबांना मुलांजवळ झोपवा. मुलांना बाजेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यार रात्री घरात शिरतो, चावल्याचं दुखणं जवळपास नसतं, दातांच्या खुणाही बऱ्याचदा दिसत नाहीत. पहाटे मुलाचं पोट दुखतंय, पापण्या जड होतायत, बोलणं अडखळतंय, तर अपचन समजून ओवा देत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. बांधणं, कापणं, चोखणं काही नको. चावलेला अवयव न हलवता मुलाला उचलून न्या. सापाच्या विषावरची लस मुलाला मोठ्याइतकीच लागते, कारण सापानं विष तेवढंच सोडलेलं असतं. डॉक्टरांनी तेवढ्या कुप्या लावल्या तर घाबरू नका.

विंचू चावला आणि मुलाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार असं झालं तर नुसती वेदना थांबवून भागत नाही, हृदयावर ताण आलेला असतो. यावर प्राझोसिन ही साधी गोळी उपयोगी पडते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी आणि सापाची लस आहे का, रात्री डॉक्टर कोण असतात, हे उद्याच जाऊन विचारून या आणि तिथला नंबर स्टार्टरच्या पेटीवर लिहून ठेवा.