ओलिंपिया मोराता कोण होती आणि तिचे लेखन इतके थोडे का उरले?

ओलिंपिया मोराता (१५२६–१५५५) ही इटलीतील फेरारा येथे जन्मलेली, लॅटिन व ग्रीक भाषांत लिहिणारी मानवतावादी (म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन विद्येची अभ्यासक) कवयित्री होती. फेराराचा शासक असलेल्या ड्यूकची कन्या आन्ना देस्ते हिची सहाध्यायिनी म्हणून तिला दरबारात स्थान मिळाले, पण वडिलांच्या मृत्यूनंतर ते गेले. पुढे आंद्रेआस ग्रुंथलर या जर्मन वैद्याशी विवाह करून ती त्याच्या श्वाइनफुर्ट या गावी राहिली. मात्र १५५४ मध्ये वेढ्याअखेर ते शहर जाळले गेले आणि त्यात तिची पुस्तके व बहुतेक हस्तलिखिते नष्ट झाली. बायबलमधील स्तोत्रांना तिने दिलेले ग्रीक पद्यरूप मला तिचे सर्वांत मोलाचे काम वाटते. हायडेलबर्ग येथे तिशी गाठण्याआधीच ती वारली. उरलेले लेखन चेलिओ सेकोंदो कुरिओने या इटालियन विद्वानाने १५५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापून घेतले.