सव्वाचार वर्षांच्या मुलाला लेखनात 'क' श्रेणी

प्रश्न : माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा असून ज्युनिअर केजीत आहे. सहामाहीच्या प्रगतिपत्रकात त्याला 'लेखन' या रकान्यात 'क' श्रेणी मिळाली. १ ते ५० आकडे लिहिता येणे हा नव्या राष्ट्रीय आराखड्याचाच निकष असल्याचे बाईंनी सांगितले. हल्ली वही दिसली की तो रडतो. निकष खरोखरच असे आहेत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाहीत. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ३ ते ८ या वयोगटासाठी आहे आणि या टप्प्यावर चाचण्या व परीक्षा घेणे सर्वस्वी अनुचित आहे, अशीच त्याची भूमिका आहे. इतकेच नव्हे, तर ३ ते ६ वयाच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकही नेमू नये, असे तो सांगतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या अभियानाने पहिलीच्या आधीच्या वर्षाअखेरीस, म्हणजे साधारण सहाव्या वर्षी, मुलाकडून अपेक्षा धरली आहे ती १० पर्यंतचे अंक ओळखण्याची व वाचण्याची, आणि दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचण्याची. आपल्या मुलाला तिथे पोहोचायला अजून पावणेदोन वर्षे आहेत. मग हे ५० आले कुठून? बहुधा शेजारच्या शाळेतून.

आराखड्यात अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय काय यावे याच्या अपेक्षा, दिलेल्या आहेत, हे खरे. परंतु बाईंनी मुलाचे निरीक्षण कशाच्या आधारे करावे आणि पुढचा खेळ कोणता द्यावा, हे ठरवण्यासाठी त्या आहेत, श्रेणी देण्यासाठी नाहीत. घरी एक गोष्ट करून पाहा. मुलगा २० पर्यंत घडाघडा म्हणत असेल, तर जेवणाची पाने मांडताना त्याला "पाच चमचे आण" असे सांगा. मूठभर चमचे घेऊन आला, तर त्याला आकड्यांची माळ पाठ आहे, पण शेवटचा उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण वस्तू, हे अजून उमगलेले नाही, असे समजावे. 'संख्याज्ञान' म्हणतात ते हे, आणि ते वहीत दिसत नाही.

लेखनाचेही तसेच आहे. या वयात मनगटाची हाडे पूर्ण तयार झालेली नसतात आणि चिमटीत पेन्सिल धरण्याचे बळ कणीक मळून, मटारच्या शेंगा सोलून, मणी ओवून येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाच्या कामाला सुरुवात केली, तेव्हा खडे, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. आज तेच चकचकीत वेष्टनात महाग विकले जाते, हा भाग वेगळा.

पुढच्या पालकसभेत श्रेणीविषयी वाद न घालता, "या महिन्यात तो वर्गात काय काय करताना दिसला, कोणाशी खेळला, कोणती गोष्ट पुन्हा सांगायला लावली?" असे विचारावे. बाईंना याचे उत्तर देता आले नाही, तर त्या 'क'ला काही आधार नाही, असे खुशाल समजा. मुलगा छोटी वाक्ये बोलत नसेल किंवा "चप्पल काढ आणि इकडे ये" एवढी दुहेरी सूचना त्याला कळत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवून कान तपासून घ्यावेत. रडण्याचे म्हणाल, तर वही तूर्त कपाटात ठेवावी.