शेतात टँकर ओढायचा आणि रोज नाशिकलाही जायचं, तर टायर कोणते घ्यावेत?

तुमची बोलेरो कॅम्पर पिकअप, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी. सोमवार ते शुक्रवार निफाडहून नाशिकला ये-जा, शनिवार-रविवारी शेतात हजार लिटरचा टँकर आणि कधी कांद्याची छोटी ट्रॉली ओढायची. टायर झिजलेत आणि दुकानदार मड टेरेनच, म्हणजे चिखलासाठीचे टायर घ्या म्हणतोय. घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

भाऊ, घेऊ नका. ऑल टेरेन घ्या, म्हणजे एटी, रस्ता आणि रान दोन्हींवर चालणारे. माझी गाडी तुमच्यासारखीच, शेती द्राक्ष-कांद्याची, आणि दोन्ही प्रकारचे टायर मी पदरचे पैसे घालून वापरलेत.

मड टेरेन, ज्याला आपल्याकडे बटण टायर म्हणतात, तो मी आधी बसवला. दिसायला जबरदस्त. पण साठच्या पुढे गेलं की केबिनमध्ये सतत घूंऽऽ आवाज, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडून. तेही सहन केलं असतं. जूनच्या पहिल्या पावसात ओझरच्या अलीकडे पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, मीही मारला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकत गेली. दोन हातांवर थांबली. घरी येऊन टायर नीट बघितले तेव्हा कारण कळलं. नक्षीचे गट्टू मोठे आणि त्यांच्यामधल्या फटीही मोठ्या, त्यामुळे डांबराला टेकणारं रबरच कमी. ओल्या गुळगुळीत रस्त्यावर पकड देतात त्या गट्टूंवरच्या बारीक चिरा, आणि मड टेरेनला त्या फारशा नसतात. तुमचे आठवड्यातले पाच दिवस याच रस्त्यावर जाणार आहेत. घरची माणसं त्याच गाडीत बसतात.

तुम्ही म्हणाल, पण शेतात तर फायदा होईल ना? इथे आपली माती आड येते. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि डिंकासारखी चिकटते. मड टेरेनच्या रुंद फटी चिखल बाहेर फेकतात, पण त्यासाठी चाक जोरात फिरावं लागतं. मागे टँकर असला की आपण रांगत असतो, चिखल फेकला जात नाही. जुलैमध्ये चाळीतून कांदा भरून निघालो होतो, शिवरस्त्यावर तीस-चाळीस पावलं गेलो असेन. उतरून पाहिलं तर चारही चाकांची नक्षीच गायब, वर काळ्या मातीचा थर, हात फिरवला तर घोटलेल्या मडक्यासारखा गुळगुळीत. एवढा महाग टायर आणि झिजलेला जुना टायर, त्या क्षणी दोघांत काही फरक नव्हता. शेवटी ट्रॅक्टरनेच ओढून काढलं. भर पावसाळ्यात काळ्या रानातून ओढायचं काम ट्रॅक्टरचंच, कुठलाही पिकअपचा टायर घेऊन ते होत नाही. हे एकदा मान्य केलं की मड टेरेन घेण्याचं कारणच उरत नाही. उरलेले दिवस राहतात फुफाट्याचे, ढेकळांचे, मुरमाचे. त्याला एटी पुरून उरतो.

आता टायरपेक्षा महत्त्वाचं सांगतो: हवा. एप्रिलमध्ये नांगरलेल्या रानातून बागेला पाणी द्यायला टँकर नेत होतो. चाकं जागेवर फिरून खड्डा करायला लागली, मागचा एक्सल मातीला टेकायला आला. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा होती. मीटर लावून चारही चाकांत २० वर आणली, चाकांपुढची माती फावड्याने ओढली, लो गिअर टाकला, आणि ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून क्लच सोडला. गाडी टँकरसकट अलगद वर आली. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांब पसरतो, तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी वर राहतं. मात्र कमी हवेत टायरची वजन पेलायची ताकदही घटते. म्हणून हौद्यात माल भरलेला असताना हे करू नका, चालायच्या वेगापेक्षा जोरात जाऊ नका, वळताना स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका, आणि डांबरावर चढायच्या आधी हवा पुन्हा भरा. कमी हवेवर हायवेला पळवलेला टायर आतून तापतो आणि फुटतो. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि एक चांगलं मीटर आधी घ्या, मग टायरच्या दुकानात जा.

ओढण्याचं दुसरं गणित वजनाचं आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, वर टाकीचं लोखंड वेगळं. तुमची कॅम्पर रिकामी असेल तर मागची चाकं हलकी असतात, आणि चाकावर वजन नसेल तर नक्षी कितीही खोल असो, ते नुसतं फिरतं. हौद्यात बरोबर एक्सलच्या वर वाळूच्या चार-पाच गोण्या टाका आणि दोरीने बांधा. फरक पहिल्याच दिवशी कळेल.

साईज कंपनीने दिलेलीच ठेवा. मोठे टायर बसवायचा मोह होतो, मलाही झाला होता. समजा २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला, तर चाक सुमारे ३० मिलिमीटरने मोठं होतं, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. तेवढा गिअर जड होतो, ओढायची ताकद तेवढी कमी होते, आणि काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते. तुम्हाला ओढायचंय, म्हणजे हे उलटंच झालं.

साईजच्या पुढे १०० एस, १०५ एस असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. १०० म्हणजे एका टायरने ८०० किलो पेलायचं, १०५ म्हणजे ९२५ किलो; एस हे वेगाच्या मर्यादेचं अक्षर. तुमच्या जुन्या टायरवर जो आकडा आहे त्याहून कमी आकड्याचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. जीपगाड्यांसाठीचे बरेच एटी टायर मऊ, प्रवासी गाडीच्या बांधणीचे असतात. आपल्याला एलटी म्हणजे लाइट ट्रक लिहिलेला, जाड साईडवॉलचा, म्हणजे जाड बाजूच्या भिंतीचा हवा. रानात बाभळीचे काटे आणि तुरीची धसकटं असतात. नक्षीतलं पंक्चर निघतं, साईडवॉल चिरली की टायर गेला.

दुकानदार टायरवरचं ‘एम प्लस एस’ (मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ) दाखवून हा चिखलाचाच आहे म्हणेल. त्यावर जाऊ नका, ती अक्षरं साध्या हायवे टायरवरही असतात. अपोलोचा ॲप्टेरा एटी२, योकोहामाचा जिओलँडर एटी, सिएटचा क्रॉसड्राइव्ह एटी यांपैकी तुमच्या साईजमध्ये आणि वजनाच्या आकड्यात जो बसेल तो बघा. कंपनीवरून मी भांडणार नाही, आकड्यावरून भांडेन.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि एकाच वेळी घ्या. पुढे नवे, मागे जुने असं फोर बाय फोरला चालत नाही. चाकांचे घेर वेगळे असले की फोर व्हीलमध्ये टाकल्यावर पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर ताण येतो. याच कारणाने कोरड्या डांबरावर लिव्हर टू व्हीलवरच ठेवा. दर ८-१० हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे, मागची पुढे करा. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण ओढायच्या गाडीला मी तिथपर्यंत कधीच जात नाही. तीनवर आली की पावसाळ्याआधी बदलतो.

घ्यायच्या दिवशी साईडवॉलवर खाली वाकून चार आकडे शोधा. २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला टायर नव्याच्या भावात देतात, मला एकदा दिलाय. स्टेपनीही त्याच साईजची घ्या, म्हणजे पाच टायर. बसवल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी चालवा आणि मग पान्याने प्रत्येक चाकाचे नट स्वतः पुन्हा आवळून बघा. माझ्या मागच्या डाव्या चाकाचे दोन नट हातानेच फिरले होते.