वाचकांचे प्रश्न : स्वस्त ब्रेक पॅड पहिल्या फेरीत चांगलेच वाटतात

प्रश्न : गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलायला झालेत. ओरिजिनलच्या निम्म्या किमतीत दुसरे मिळतात. मेकॅनिक म्हणतात, ‘बसवून एक फेरी मारून बघा, काही फरक जाणवणार नाही.’ हे खरं आहे का?

उत्तर : त्या फेरीत फरक जाणवणार नाही हे खरं आहे, आणि घात तिथेच होतो. सावकाश मारलेल्या फेरीत ब्रेक फारसे तापत नाहीत. थंड असताना जवळपास कुठलाही पॅड डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) धरतो. कस लागतो तो लांब उतारावर, किंवा गाडी भरलेली असताना वेगात लागोपाठ ब्रेक दाबावे लागले तर. तेव्हा डिस्क ३०० ते ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापू शकते.

पॅडच्या मसाल्यात, म्हणजे डिस्कवर घासणाऱ्या थरात, धातूचे कण, तंतू, ग्राफाइट, खनिजांची पूड असं बरंच काही असतं आणि ते सगळं फिनॉलिक रेझिनने (एक प्रकारच्या राळेने) बांधलेलं असतं. रेझिन हलकं असलं किंवा भट्टीत नीट भाजलं गेलं नसलं, तर एवढ्या उष्णतेत ते फुटतं आणि वायू सोडतं. हा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकतो. पेडल कडक लागतं, तुम्ही सगळा जोर लावता, तरी गाडी आवरत नाही. यालाच ब्रेक फेड म्हणतात.

आकड्यांत सांगतो. ताशी १०० किमी वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने सुमारे ५० मीटरमध्ये थांबते (ब्रेक लागल्यापासूनचं अंतर). पाय तितकाच दाबला आणि पॅडची पकड चौथ्या हिश्श्याने घटली, तर तिला सुमारे ६७ मीटर लागतात. पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथून ही अजून ताशी ५० किमीने जात असते. एबीएस इथे मदत करत नाही. ते चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. पॅडमध्ये नसलेली पकड ते कुठून आणणार?

दुसरी खोट याहून भयंकर : मसाला पॅडच्या पाठीच्या लोखंडी पत्र्यापासून सुटणं. स्वस्त पॅडमध्ये पत्रा नीट साफ न करताच मसाला चिकटवून वर काळा रंग मारलेला असू शकतो. कडेने गंज आत शिरतो, थर उचलला जातो आणि एके दिवशी ब्रेक दाबताच मसाला निखळतो. मग लोखंड थेट डिस्कवर घासतं.

प्रश्न : म्हणजे ओरिजिनलच घ्यायचे?

उत्तर : तसं अजिबात नाही. दुसऱ्या उत्पादकांचे तपासलेले पॅड बिनधास्त वापरा. संयुक्त राष्ट्रांचा नियम ९० खास बदली ब्रेक भागांसाठी आहे. त्यानुसार पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के आत असावी लागते, आणि मसाला-पत्र्याचा जोड दर चौरस सेंटीमीटरला किमान २५० न्यूटन बल सोसणारा हवा. ५० चौरस सेंटीमीटरच्या पॅडसाठी हे सव्वा टनाच्या आसपास जातं. अशा पॅडवर गोलात ‘ई’ हे इंग्रजी अक्षर आणि देशाचा क्रमांक असतो, जवळच ९० आर ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक.

काही पॅडच्या कडेला ‘एफएफ’, ‘जीएफ’ अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर थंड पॅडची पकड सांगतं, दुसरं तापलेल्याची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक (पकडीचा आकडा) ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्याच्या खालचं, समजा ‘एफई’, असेल तर तापल्यावर पकड उतरते असं समजा. अर्थात ही अक्षरं टिकाऊपणा किंवा मसाला-पत्र्याच्या जोडाबद्दल काही सांगत नाहीत.

खोका मात्र पुरावा मानू नका. छपाईची नक्कल सोपी असते. पॅड हातात घ्या. खोक्यावरचा आणि पत्र्यावरचा क्रमांक जुळतो का? जुन्या पॅडशेजारी ठेवल्यावर पत्र्याची जाडी, कडेचे कान, मागची शिम (पातळ चकती), पॅड झिजल्याचा इशारा देणारा सेन्सर तसंच आहे का? नखाने कड भुगा होऊन गळत असेल, तर परत करा.

प्रश्न : स्वस्त डिस्क चालेल का? भोकं पाडलेल्या डिस्क चांगल्या असतात म्हणे.

उत्तर : ओतकाम हलकं असलेली डिस्क उष्णतेने वाकते किंवा तडकते, आणि स्वस्त डिस्कमधली भोकं म्हणजे तडा सुरू व्हायच्या जागा. रोजच्या गाडीला साधी, तपासलेली डिस्क पुरते. तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते; त्याखाली गेली की बदला.

प्रश्न : ब्रेक ऑइल आणि होजमध्ये (ऑइल नेणाऱ्या रबरी नळीत) पैसे वाचवले तर?

उत्तर : तिथेही नको. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. सीलबंद डबाच घ्या, साधारण दोन वर्षांनी बदला. स्वस्त होज दाबाने फुगते, त्यामुळे पेडल स्पंजासारखं लागतं. आतून सोललेली होज ऑइल परत येऊ देत नाही आणि ब्रेक धरूनच राहतो.

प्रश्न : स्वस्त पॅड आधीच बसवलेत. आता काय करू?

उत्तर : चाक काढून बघा. मसाला आणि पत्रा यांत फट, तडे, एका बाजूला जास्त झीज किंवा डिस्कवर निळे डाग दिसले, तर गाडी आज चालवू नका. मसाला ३ मिमी उरला तरी बदला, आणि नेहमी एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे एकत्र. धूळ हवेने उडवू नका; स्वस्त मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. चाकाचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरलात, तर पहिल्याच वळणावर पेडल रिकामं जाईल. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावा, दरवेळी अर्धा मिनिट जाऊ द्या. शेवटी तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. दहा मिनिटं सावकाश गाडी चालवत ब्रेक गार होऊ द्या.