ब्रूगेलने आपल्या चित्रांतून शेतकऱ्यांची टिंगल केली आहे का?

सोळाव्या शतकातल्या या चित्रकाराबद्दल काही जण तसं म्हणतात, पण मला तरी तसं वाटत नाही. टिंगल करणारे त्याच्या फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) होतेच की, पुढच्या शतकातला चित्रकार ब्राउवर बघा, त्याच्याकडे गुत्त्यातली भांडणं नि वेडीवाकडी तोंडं भरपूर. पण थोरला पीटर ब्रूगेल वेगळा.

कामानिमित्त व्हिएन्नाला गेलो होतो तेव्हा तिथल्या कलासंग्रहालयात त्याचं 'शेतकऱ्यांचं लग्न' (साधारण १५६७चं) बघितलं, आणि पहिल्यांदा काय दिसलं तर वाढपी! दोन गडी चक्क दरवाजाची फळी काढून तिचा ट्रे करून लापशीच्या थाळ्या आणतायत, एकाच्या टोपीत लाकडी चमचा खोचलेला, आणि टेबलाच्या टोकाचा माणूस मागे वळून एकेक थाळी उचलून पुढे सरकवतोय. पंगतीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, घाई कशी असते ते. खाली जमिनीवर एक पोरगं, टोपीला मोराचं पीस, थाळी संपवून बोटं चाटतंय. नवरी हिरव्या कापडापुढे डोळे मिटल्यासारखी गप्प बसलीय, नवरा कोणता यावर तज्ज्ञ अजून भांडतात. आणि तो पिपाणीवाला (बॅगपाइप हो), वाजवायचं सोडून लापशीकडे बघतोय बिचारा, त्याला कोणी वाढलेलं दिसत नाही.

आता ही टिंगलच आहे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की ही चित्रं विकत घेणारे शहरातले श्रीमंत होते. ते खरंय. त्याची १५६५ची ऋतूंची चित्रमालिका अँटवर्पच्या निक्लास योंगेलिंक या व्यापाऱ्याकडे होती, शेतकऱ्याच्या घरात कुठली लागणार. पण त्यातलं न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधलं 'कापणी' बघा, एक जण झाडाखाली पाय फाकवून ढाराढूर झोपलाय, बाजूला बाकीचे जेवतायत आणि डावीकडे कापणी चालूच आहे. मला यात आळशीपणा नाही दिसत, नुसता थकवा दिसतो.

व्हान मांडर म्हणून चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या एकाने १६०४मध्ये लिहून ठेवलंय की ब्रूगेल आपल्या एका मित्राबरोबर शेतकऱ्याच्या वेषात लग्नांना जायचा, आहेर घेऊन, पाहुणा असल्यासारखा. ब्रूगेल १५६९लाच गेला होता, त्यामुळे किती खरं देव जाणे, पण त्या लग्नाचं चित्र बघून मला तरी पटतं.

जाता जाता, त्या लाल अंगरख्यातल्या वाढप्याचे पाय मोजा. तीन भरतात.