लॅब्राडॉरच्या पिल्लाचे केसीआय पेपर (म्हणजे जातीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र) घ्यावेत का? पेपरसह घेतलं तर दहा हजार जास्त सांगतायत.

तुम्ही लिहिलंय की एकाच वेतातली पिल्लं आहेत, ब्रीडर म्हणतो पेपर हवे असतील तर दहा हजार जास्त पडतील. माझा सल्ला विचाराल तर या माणसाकडून पेपरसहही घेऊ नका आणि पेपरशिवायही घेऊ नका.

केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी चेन्नईची केसीआय, वेताची नोंद करून घेते ती आई आणि बाप दोघांचीही आधीच नोंद असेल तरच. प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली नंबरची बारीक चिप, लागते. या सगळ्याचा खर्च पिल्लाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. मग त्याच वेतातली काही पेपरवाली आणि बाकीची बिनपेपरची, हे कसं काय? बहुतेक वेळा पेपर दुसऱ्याच कुठल्या तरी वेताचे असतात. खात्री करायला जनावरांच्या डॉक्टरकडे जा. ते पिल्लाच्या खांद्यांच्या मधोमध स्कॅनर फिरवतात, पंधरा आकडी नंबर उमटतो. तो आणि प्रमाणपत्रावरचा नंबर आकडा न् आकडा जुळला पाहिजे. स्कॅनर गप्प राहिला तर विषय तिथेच संपला.

आता पेपर खरे निघाले असं धरू. ते तुम्हाला आजा-पणज्यापर्यंतची नावं सांगतील, एवढंच. पेपर म्हणजे जातीचा दाखला. दाखला बघून कुणाला डायबेटीस आहे का ते कळत नाही. तरी ती नावं नीट वाचा. एकच नाव आईकडे आणि बापाकडे दोन्हीकडे दिसलं तर जवळच्या नात्यातली पैदास आहे. काही प्रमाणपत्रांवर आईबापाच्या रकान्यात 'अज्ञात' असतं, त्या कुत्र्याची नोंद नुसतं रूप बघून झालेली असते. असा कागद तुमच्या काय कामाचा?

ब्रीड स्टँडर्डचा, म्हणजे त्या जातीचा कुत्रा कसा दिसावा याच्या ठरलेल्या निकषांचा, वापर तर विक्रेते आपल्याला गंडवायला सर्रास करतात. 'डबल बोन', 'पंच फेस', 'हेवी हेड' वगैरे. लॅब्राडॉरच्या स्टँडर्डमध्ये 'डबल बोन' नावाचं काही नाही. उलट 'डबल कोट' प्रत्येक लॅबला असायलाच हवा: वर राठ केस, खाली पाणी न शिरणारी मऊ लव. त्याचे वेगळे पैसे मागणं म्हणजे म्हशीला शिंगं आहेत म्हणून भाव वाढवण्यासारखं! रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेटी. 'सिल्व्हर लॅब, रेअर आहे' म्हणून दुप्पट किंमत मोजू नका. नराची खांद्यापाशी उंची ५६-५७ सेंटीमीटर, म्हणजे 'जायंट साइज' हा त्याचा गुण नव्हे, दोषच.

आणि स्टँडर्डला उतरलेला कुत्रा निरोगी असतोच असंही नाही. पगचं नाक डॉग शोसाठी चेपत चेपत इतकं आत नेलं की तो बिचारा झोपेतसुद्धा धड श्वास घेऊ शकत नाही. २००८ साली बीबीसीवर यावर माहितीपट आला, बराच गदारोळ झाला, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या केनेल क्लबने आपली स्टँडर्ड्स सुधारली. मुंबईच्या उकाड्यात पग पाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

लॅबमध्ये खरा धोका हिप डिस्प्लेसियाचा, म्हणजे मांडीचं हाड खुब्यात नीट न बसण्याचा. बऱ्याच अंशी तो आनुवंशिक आहे. म्हणून ब्रीडरला आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. 'आमच्याकडे असलं काही लागत नाही' म्हणाला तर उठून या. (घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर पिल्लू आणण्याआधी सतरंज्या टाका, वाढीच्या वयात पाय घसरणं वाईट.)

आई बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही. ती अंगावर धावते का, कोपऱ्यात दबून बसते का, सड लोंबून गेलेत का, हे सगळं प्रत्यक्ष बघा. व्हिडिओ कॉलवर नको. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पस्तीस दिवसांचं पिल्लू 'दोन महिन्यांचं' म्हणून सर्रास खपवतात, तेव्हा खरं वय कळायला पिल्लाचे दात जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि पेपर घ्यायचेच ठरले तर मालकी तुमच्या नावावर करायच्या अर्जावर ब्रीडरची सही पैसे देतानाच घ्या. 'पेपर मागाहून कुरिअरने पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही मागाहूनच पाठवा.